मुंबईच्या दुचाकीसाठी पुढचा टायर निवडताना: पाऊस, काँक्रीट, घाट आणि कच्चा रस्ता

दुचाकीचे वळणे आणि थांबणे ही दोन्ही कामे मुख्यतः पुढच्या चाकाच्या जोरावर होतात. ब्रेक लावताच वाहनाचा आणि चालकाचा भार पुढे सरकतो, पुढचा टायर रस्त्यावर अधिक दाबला जातो आणि कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना निम्म्याहून बरेच जास्त काम तोच करतो. मागचा टायर घसरला तर गाडीची मागची बाजू हलते, पण ब्रेक सैल करून बहुतेक वेळा तोल सावरता येतो; पुढचा टायर घसरला तर हँडल क्षणात आडवे होते आणि सावरायला अवधीच उरत नाही. असे असूनही बहुतेक लोक मागचा टायर निवडताना चार दुकाने फिरतात आणि पुढच्यासाठी “त्याच्या जोडीचा कोणताही द्या” म्हणून मोकळे होतात, कारण मागचा आधी झिजतो आणि तोच डोळ्यांत भरतो.

प्रथमच स्वतःहून टायर निवडणाऱ्या, मुंबईत रोज दुचाकी चालवणाऱ्या आणि अधूनमधून घाटात, कोकणात किंवा एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याच्या गावापर्यंत जाणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. त्यातील मुख्य म्हणणे एवढेच, की पुढचा टायर वर्षातून दोनदा होणाऱ्या सहलीसाठी घेऊ नये. ज्या रस्त्यावर आपल्याला वारंवार आणि अचानक ब्रेक लावावा लागतो, त्या रस्त्यासाठी घ्यावा.

पहिली पायरी: आपल्या रस्त्यांचा हिशेब

दुकानात जाण्यापूर्वी वर्षभरात आपली गाडी कोणकोणत्या पृष्ठभागांवरून जाते, याची प्रामाणिक यादी करावी. मुंबईत “डांबरी रस्ता” असे एकच उत्तर कधीच पुरेसे ठरत नाही. एकाच प्रवासात गुळगुळीत काँक्रीट, ठिगळे मारलेले डांबर, चौकातले पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी पट्ट्या, मॅनहोलची झाकणे आणि जाड रंगाचे पांढरे पट्टे लागतात. पावसात या प्रत्येकाचे वागणे वेगळे असते, आणि टायर बदलून यांतल्या काहींवरच फरक पडतो. कुठे फरक पडतो आणि कुठे पडत नाही, हे आधी कळले तर पुढची निवड बरीच सोपी होते.

डांबराला आणि खरबरीत काँक्रीटला स्वतःचा पोत असतो. त्यावर पाणी साचले तर टायरच्या खाचा ते पाणी बाजूला सारतात आणि रबर रस्त्याला भिडते. इथे चांगल्या टायरचा उपयोग स्पष्ट जाणवतो. याउलट ओल्या लोखंडावर, रंगाच्या पट्ट्यावर किंवा शेवाळ धरलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाण्याचा थर पातळ असतो आणि पृष्ठभागालाच पोत नसतो. तिथे खाचा कितीही खोल असल्या तरी त्या धरणार कशाला? अशा जागी मऊ रबराने थोडीफार मदत होते, पण खरा उपाय म्हणजे गाडी सरळ ठेवणे, ब्रेक आधीच लावून घेणे आणि त्या पट्ट्यावर वळण न घेणे. “या टायरने पांढऱ्या पट्ट्यावरही घसरत नाही” असे कोणी सांगत असेल, तर ती विक्रेत्याची भाषा समजावी.

जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरींचा प्रश्न वेगळाच आहे. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले इंजिन ऑइल, डिझेल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा लगदा त्या सरींत तयार होतो, आणि तो धुऊन जाईपर्यंत रस्ता भर जुलैपेक्षाही निसरडा असतो. बांधकामांच्या आसपास हा त्रास पावसाळाभर चालतो, कारण डंपरच्या चाकांतून पडलेला चिखल काँक्रीटवर साबणासारखा पसरतो. आरे वसाहतीसारख्या सावलीच्या रस्त्यांवर कुजलेली पाने आणि शेवाळ असते, तर घोडबंदर मार्गावरील गायमुखच्या चढ-उतारावर खड्डे आणि अवजड वाहनांची गर्दी असते. या सगळ्या ठिकाणी चालक एकच गोष्ट वारंवार करतो, ती म्हणजे अचानक ब्रेक लावणे.

शहराबाहेरचा हिशेब निराळा आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्याने जुन्या महामार्गाने बोरघाट चढावा लागतो. कसारा आणि माळशेज घाटांत पावसाळ्यात धुके, डोंगरावरून वाहून आलेली माती आणि वळणांवर पसरलेली बारीक खडी असते. कोकणात मुख्य रस्ता सोडून वाडीकडे वळताच जांभ्याचे दगड आणि लाल मातीचा चिकट चिखल सुरू होतो. शंभरातले किती किलोमीटर या रस्त्यांवर जातात, याचे उत्तर यादीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोरिवलीहून अंधेरीला रोज स्कूटरने जाणाऱ्याचे उत्तर बहुधा शून्याच्या जवळ असेल; दर शनिवारी खिरेश्वर किंवा एखाद्या आडवाटेच्या गावाकडे निघणाऱ्याचे वीस-तीसपर्यंत जाईल. दोघांचा टायर एकच असू शकत नाही.

दुसरी पायरी: जुन्या टायरवरचा मजकूर वाचणे

टायरच्या बाजूच्या भिंतीवर जे आकडे असतात, ते खरेदीचे खरे पत्रक असते. समजा त्यावर ८०/१००-१८ ४७पी असे लिहिले आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, म्हणजे इथे उंचीही ८० मिलिमीटर होते. तिसरा आकडा रिमचा व्यास इंचांत असतो. त्यानंतरचा ४७ हा भारनिर्देशांक असून त्याचा अर्थ १७५ किलो असा होतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे असते: पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एस म्हणजे १८० आणि एच म्हणजे २१०. जुन्या गाड्यांवर २.७५-१८ अशी इंचांतली मापे दिसतात. रुंदी आणि रिम यांच्यामध्ये आडवी रेघ असेल तर टायर बहुधा बायस बांधणीचा असतो, म्हणजे आतल्या धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून जातात; आणि आर हे अक्षर असेल तर रेडियल बांधणीचा, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. नवीन टायरचा भारनिर्देशांक आणि वेगाचे अक्षर मूळच्यापेक्षा कमी नसावे, एवढा नियम नवशिक्याने काटेकोरपणे पाळावा.

त्याच भिंतीवर, बहुतेक टायरांवर लंबगोलात, चार आकडी उत्पादनाची तारीख असते. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या टायरांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे, तेही तिथेच दिसते. पुढच्या टायरवर बाण असतो आणि तो चाकाच्या फिरण्याची दिशा दाखवतो. काही टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन वेगळे बाण असतात, त्यांतला पुढच्या चाकाचा कोणता, हे बसवून घेताना पाहावे.

तिसरी पायरी: नक्षी

खरा गोंधळ होतो तो इथे, म्हणून इथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

१०० ते १२५ सीसीच्या रोजच्या वापराच्या अनेक गाड्यांना कारखान्यातून पुढे रिब नक्षीचा टायर येत असे आणि अजूनही काहींना येतो. त्यावर परिघाच्या दिशेने सलग उभ्या खाचा असतात. हा टायर सरळ रस्त्यावर हलका चालतो, हँडल स्थिर ठेवतो आणि पुष्कळ टिकतो. त्याच्या मर्यादा मुंबईत मात्र लवकर उघड्या पडतात. खाचा सलग असल्याने ब्रेक लावताना रस्त्याला धरणाऱ्या आडव्या कडा जवळपास नसतात. चिखलात तो घसरगुंडीवर असल्यासारखा सरकतो. आणि काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमध्ये लांबवर जाणारा सांधा असेल, तर पुढचे चाक त्या सांध्याच्या कडेने ओढले गेल्याचे हातांना जाणवते. ज्यांची गाडी कोरड्या हवामानात सरळ महामार्गावर चालते त्यांच्यासाठी रिब वाईट नाही, पण चार महिने पावसात भिजणाऱ्या शहरात पुढच्या चाकाला तो पुन्हा बसवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

दुसरा प्रकार रस्त्याच्या टायरचा: मधोमध रबराचा भरीव भाग आणि त्यातून दोन्ही बाजूंना तिरप्या जाणाऱ्या खाचा. भर रबरावर असल्याने रस्त्याला टेकणारा भाग मोठा राहतो, तिरप्या खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते आणि झुकल्यावरही रबराची सलग कड मिळते. पूर्णपणे शहरात आणि चांगल्या महामार्गावर चालणाऱ्या गाडीसाठी हाच प्रकार योग्य आहे. दोन टायरांमध्ये निवड करताना खाचा किती आहेत यापेक्षा त्या मध्यापासून कडेपर्यंत जातात की मध्येच संपतात, हे पाहावे. मध्येच संपलेल्या खाचेत पाणी कोंडते. खाचांची संख्या जास्त म्हणजे पावसातली पकड जास्त, हा समज अर्धाच खरा आहे. दुचाकीचा टायर अरुंद आणि गोलाकार असल्याने शहरातल्या वेगात तो पाण्याचा पातळ थर सहज कापतो, त्यामुळे त्या वेगात पकड ठरवण्यात रबराचा वाटा नक्षीपेक्षा मोठा असतो. वेग वाढतो आणि पाणी साचलेले असते, तेव्हा खाचांचे महत्त्व वाढते.

तिसरा प्रकार मिश्र वापराचा. यात रबराचे मोठे ठोकळे असतात आणि त्यांच्यामध्ये रुंद फटी असतात. कंपन्या अशा टायरांना ७०-३० किंवा ५०-५० अशी विशेषणे लावतात, म्हणजे इतका भाग पक्क्या रस्त्यासाठी आणि इतका कच्च्यासाठी. हे आकडे त्या त्या कंपनीने स्वतः ठरवलेले असतात, त्यामुळे एका कंपनीचा ७०-३० दुसरीच्या ७०-३० सारखा असेलच असे नाही. त्याऐवजी टायर हातात घेऊन पाहावा: मधले ठोकळे एकमेकांना किती खेटून आहेत आणि कडेचे किती मोकळे आहेत? मध्यभागी घट्ट आणि कडेला मोकळा असा टायर शहरात बऱ्यापैकी थांबतो आणि कच्च्या रस्त्यावर, जिथे चाक थोडे रुतते, तिथे कडेचे ठोकळे कामाला येतात. शनिवार-रविवारी घाट, आणि घाटानंतर पाच-दहा किलोमीटर कच्चा रस्ता, असा ज्यांचा हिशेब आहे, त्यांनी याच प्रकारात राहावे.

चौथा प्रकार म्हणजे सुटे, उंच ठोकळे असलेला, ज्याला आपल्याकडे बटन टायर म्हणतात. चिखल, वाळू आणि मोकळी माती यांत त्याला तोड नाही, कारण ठोकळे खाली घुसतात आणि फटींतला चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जातो. पक्क्या रस्त्यावर मात्र जमिनीला टेकणारे रबर कमी असते, ब्रेक लावताच उंच ठोकळे वाकतात, थांबण्याचे अंतर वाढते, आणि झुकताना एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा डळमळीतपणा हँडलला जाणवतो. ओल्या काँक्रीटवर हे सर्व दोष एकदम समोर येतात. दादर ते ठाणे एवढ्याच प्रवासासाठी पुढे बटन टायर लावणे ही निव्वळ हौस आहे, आणि पावसाळ्यात ती महागात पडते.

बटन टायरबाबत आणखी एक अडचण आहे, ती कोकणात गेल्यावरच कळते. रोजच्या वापराच्या गाड्यांचा पुढचा मडगार्ड टायरला जवळजवळ चिकटून असतो. लाल मातीचा चिकट चिखल ठोकळ्यांनी उचलला की तो मडगार्डच्या आतल्या बाजूला थापला जातो, थर वाढत जातो आणि शेवटी चाकच अडकते. हीरोच्या एक्सपल्ससारख्या, पुढे २१ इंची चाक आणि उंच मडगार्ड असलेल्या गाड्यांना हा त्रास कमी होतो. मडगार्ड खाली असलेल्या गाडीवर मोकळ्या ठोकळ्यांचा टायर बसवायचा असेल, तर टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किमान दोन बोटे सहज जातील एवढी जागा आहे का, हे आधी तपासावे. नसेल, तर तो विचार सोडून द्यावा.

दोन्ही चाकांना वेगळी नक्षी चालते का, असा प्रश्न नेहमी येतो. चालते, आणि उंच मडगार्डच्या गाडीवर कच्च्या रस्त्यासाठी पुढे थोडा मोकळा आणि मागे थोडा भरीव टायर ही जोडी समंजस आहे, कारण मातीत दिशा धरून ठेवण्याचे काम पुढच्याचे असते. एकाला रेडियल आणि दुसऱ्याला बायस मात्र कंपनीने तशी जोडी सांगितली असल्याशिवाय लावू नये. सर्वांत वाईट जोडी रस्त्यावर रोज दिसते: मागे दिमाखदार नवा बटन टायर आणि पुढे गोटा झालेला जुना रिब.

चौथी पायरी: रबर मऊ की कडक

मऊ रबर ओल्या रस्त्यावर चांगले धरते आणि लवकर झिजते; कडक रबर टिकते आणि ओल्यात निसटते. काही टायरांत मध्यभागी कडक आणि कडांना मऊ अशी दुहेरी रचना असते. नवीन ग्राहक किलोमीटरचा हिशेब करून दोन्ही टायर कडक घेतो, पण पुढचा टायर मागच्यापेक्षा सावकाश झिजत असल्याने पुढे मऊ रबर घेणे खिशालाही परवडते. सिलिका मिसळलेले रबर ओल्यात चांगले चालते. माहितीपत्रकात तसा उल्लेख आहे का ते पाहावे. दुकानात नखाने दाबून रबर किती मऊ आहे याचा अंदाज येतो, मात्र त्यासाठी एकाच वेळी दोन-तीन टायर दाबून पाहावे लागतात.

स्कूटर चालवणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी यंत्रणा असणे २०१९ मध्ये बंधनकारक झाले. अशा एकत्रित ब्रेकच्या स्कूटरवर डावा, म्हणजे “मागचा”, ब्रेक दाबला तरी पुढच्या चाकालाही काही प्रमाणात ब्रेक लागतो. त्यामुळे “मी पुढचा ब्रेक वापरतच नाही” असे म्हणणाऱ्याचाही पुढचा टायर काम करतच असतो. एबीएस असलेल्या गाडीतही पकड टायरच देतो; एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढेच.

पाचवी पायरी: माप बदलण्याचा मोह

पुढे एक माप रुंद टायर लावला की गाडी भारदस्त दिसते, आणि दुकानदारही “बसतो” असे सांगतो. बसतो हे खरेच. पण रिमच्या रुंदीला न शोभणारा रुंद टायर दोन्ही कडांनी आत दाबला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि वळणात गाडी जड वाटते. उंची वाढली तर गाडीचा पुढचा भाग वर जातो आणि हँडल वळायला उशीर करते. ज्या गाड्यांचा वेगमापक पुढच्या चाकावर चालतो त्यात वेग कमी दिसू लागतो, आणि दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना करणाऱ्या यंत्रणेलाही चुकीची माहिती मिळते. कंपनीने सांगितलेले माप आणि मालकपुस्तिकेत दिलेले पर्याय, यांच्या बाहेर नवशिक्याने जाऊ नये. ॲक्टिवा ६जीसारख्या स्कूटरला पुढे ९०/९०-१२ आणि मागे ९०/१००-१० अशी वेगळी मापे असतात, म्हणजे दोन्ही टायर एकमेकांच्या जागी जाऊच शकत नाहीत. हे एका अर्थी बरेच आहे. जुन्या चेतकला दोन्ही चाकांना ३.५०-१० हेच माप असे आणि सोबत स्टेपनी असे, त्यामुळे मागचा झिजला की पुढे टाकण्याची सवय एका पिढीला लागली. ती सवय तिथेच ठेवलेली बरी.

ट्यूब की ट्यूबलेस, हा प्रश्न बहुधा रिमनेच सोडवलेला असतो. साध्या तारांच्या चाकात तारांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून ट्यूब लागते. अलॉय रिमवर ट्यूबलेस घ्यावा, कारण खिळा लागल्यावर त्यातली हवा हळूहळू जाते आणि थांबायला वेळ मिळतो. ट्यूबचा टायर घेताना ट्यूबही नवीन आणि त्याच मापाची घ्यावी. ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून फाटते.

सहावी पायरी: दुकानात

भांडुपला सिएटचा कारखाना असलेल्या या शहरात टायर मिळण्याची अडचण कधीच नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून उपनगरांतल्या स्थानकाबाहेरच्या दुकानांपर्यंत सगळीकडे एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, मिशेलिन यांची नावे दिसतात. अडचण असते ती हव्या त्या नक्षीचा, हव्या त्या मापाचा आणि ताज्या तारखेचा पुढचा टायर मिळण्याची. मापाचा आणि नमुन्याचा उल्लेख करून आधी फोनवर विचारावे, आणि “तो नाही, पण हा त्याच्यासारखाच आहे” या उत्तराला शांतपणे नकार द्यावा.

उत्पादनाची तारीख वर्षभराच्या आतली असावी असा आग्रह धरावा. दुकानाच्या दारात उन्हात लटकत राहिलेला टायर तारखेने ताजा असला तरी घेऊ नये. आतल्या सावलीत ठेवलेला मागावा. पुढच्या चाकासाठी रिट्रेड केलेला (जुन्यावर नवे रबर चढवलेला), खाचा पुन्हा कोरलेला किंवा वापरलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी तो नकोच. बिल टायरच्या नमुन्यासह आणि अनुक्रमांकासह घ्यावे, कारण उत्पादनातला दोष निघाल्यास कंपनीची हमी त्यावरच मिळते.

सातवी पायरी: बसवून घेताना समोर उभे राहणे

टायर बसवण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे आणि तेवढा वेळ तिथे उभे राहण्यात कमीपणा नाही. बाणाची दिशा बरोबर आहे का, रिमच्या कडेला साबणाचे पाणी लावले आहे का, लोखंडी पट्टीने कड खरवडली जात नाही ना, हे पाहावे. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो सर्वात हलकी जागा दाखवतो आणि सहसा वॉल्वजवळ ठेवतात. हवा भरल्यावर टायरच्या कडेने रिमलगत जी बारीक रेघ दिसते, ती दोन्ही बाजूंना सगळीकडे सारख्या अंतरावर असायला हवी; एका जागी ती आत गेलेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, आणि तशा चाकावर हँडल ठरावीक वेगाला थरथरते. ट्यूबलेस असेल तर वॉल्वही नवा घालावा, कारण त्याचे रबर टायरइतकेच म्हातारे झालेले असते. चाक परत लावल्यावर ॲक्सलचा नट पक्का आहे, चाक मोकळे फिरते आणि ब्रेकचा दाब दोन-तीनदा लिव्हर दाबल्यावर परत आला आहे, याची खात्री करूनच निघावे.

आठवी पायरी: हवा

हवेचा योग्य आकडा मालकपुस्तिकेत आणि बहुतेक गाड्यांच्या स्टिकरवर असतो. रोजच्या वापराच्या अनेक मोटरसायकलींना पुढे २५ पीएसआयच्या आसपास हवा लागते, पण आपल्या गाडीचा आकडा तोच असेल असे गृहीत धरू नये. हवा टायर थंड असताना मोजावी. धावलेल्या टायरमध्ये ती दोन-तीन पीएसआयने वाढलेली दिसते आणि म्हणून ती सोडून देणे चुकीचे आहे. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, मात्र तिथल्या मापकांवर विसंबण्यापेक्षा स्वतःचा छोटा मापक बाळगणे चांगले.

पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पक्क्या रस्त्यासाठी तो चुकीचा आहे. हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि ज्या वाटेने पाणी बाहेर जायचे तीच बंद होते. शिवाय खड्ड्यात रिम आदळण्याचा धोका वाढतो. मोकळ्या वाळूत किंवा चिखलात हवा थोडी कमी केल्याने खरोखर फायदा होतो, पण ती पाच-सहा पीएसआयपेक्षा जास्त कमी करू नये आणि पक्का रस्ता लागताच पुन्हा भरावी, त्यासाठी हातपंप सोबत हवा. जांभ्याच्या टोकदार दगडांवर ट्यूबच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाऊन एकाच वेळी दोन भोके पडतात. अशा रस्त्यावर हवा पूर्ण ठेवून वेग कमी करणे शहाणपणाचे आहे.

नवव्या पायरीवर: पहिले काही किलोमीटर आणि नंतरची देखरेख

नवीन टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तो हळूहळू खरबरीत होऊ द्यावा: जोराचा ब्रेक टाळावा, झुकणे सावकाश वाढवावे. म्हणूनच टायर मेअखेरीस बदलावा, पहिल्या सरीच्या दिवशी नव्हे. सर्व्हिसिंगनंतर गाडी धुऊन देणारी मुले टायर चमकवण्यासाठी पॉलिश मारतात. ते बाजूच्या भिंतीवर ठीक, पण रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लागले तर पहिल्याच वळणावर पाडते. गाडी ताब्यात घेताना पुढच्या टायरवरून हात फिरवून बघावा, आणि तेलकटपणा वाटला तर साबणाच्या पाण्याने तो भाग घासून घ्यावा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरवरील खाचेची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ही कायद्याची तळरेषा आहे, पावसाळ्याची नव्हे. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारे रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांची जागा भिंतीवर टीडब्ल्यूआय या अक्षरांनी किंवा त्रिकोणाने दाखवलेली असते. जूनच्या तोंडावर पुढच्या टायरचा पृष्ठभाग त्या उंचवट्यांच्या जवळ आलेला दिसला, तर ऑक्टोबरची वाट पाहू नये. खाचा शिल्लक असूनही बाजूला बारीक भेगा दिसत असतील किंवा टायर पाच वर्षांहून जुना असेल, तर तो दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. कमी चालणाऱ्या, इमारतीखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी कडक होतात.

झिजण्याची पद्धतही वाचता येते. फक्त मधोमध सपाट पट्टा पडला असेल, तर सरळ रस्त्यावरचा वापर किंवा जास्त हवा हे कारण असते. दोन्ही कडा मधल्यापेक्षा आधी झिजत असतील, तर हवा कमी पडत आहे. एका दिशेने हात फिरवल्यावर टायर गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागत असेल, तर ठोकळ्यांच्या कडा ब्रेकमुळे असमान झिजल्या आहेत. मिश्र वापराच्या टायरवर हे काही प्रमाणात होतच असते. पण टायरवर ठरावीक अंतराने खोलगट खड्डे पडले असतील, तर दोष टायरचा नसून पुढच्या फोर्कचा, त्यातल्या जुन्या तेलाचा किंवा स्टिअरिंगच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी आधी मेकॅनिककडून फोर्क तपासून घ्यावा आणि मगच टायरचे पैसे मोजावेत, अन्यथा नवा टायरही त्याच पद्धतीने झिजेल.